कायद्यानं नांदणारी

डुंबरेभाऊजी दर रविवारी बायकोचं लुगडं धुवायचे. बायको घरात नव्हती. ती चाकणला माहेरी जाऊन बसली होती. लुगडं मात्र दर रविवारी सकाळी नळावर यायचं, साबण लागायचा, पिळलं जायचं आणि चाळीसमोरच्या दोरीवर ताणून वाळत पडायचं. हिरवं, बारीक काठाचं नऊवारी. संध्याकाळी भाऊजी ते काढून नीट घडी घालायचे आणि आत न्यायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. कुणी नेसत नाही ते लुगडं मळतं कसं, हे चाळीतल्या एकाही बाईला कळत नव्हतं.

ही गोष्ट एकोणीसशे पन्नास आणि साठच्या मधली. चिंचवड स्टेशनच्या अलीकडे, जिथं आता नुसत्या गाड्याच गाड्या दिसतात, तिथं तेव्हा ज्वारीची रानं होती आणि त्या रानांत एकेक कारखाना उभा राहत होता. माझं माहेर नदीपलीकडचं, काळेवाडीच्या बाजूचं. शाळा चौथीपर्यंत. लग्न झालं ते अशाच एका कारखान्यातल्या फिटरशी, आणि स्टेशनजवळच्या पत्र्याच्या चाळीत मी राहायला आले. शेजारच्या खोलीत हे डुंबरे. मूळचे जुन्नरकडचे, मॅट्रिक झालेले, त्याच कारखान्यात स्टोअरकीपर. म्हणजे खिळे, नट, तेल, कापूस, जे काही कामगारांना लागेल ते चिठ्ठी घेऊन द्यायचं आणि उरलेलं कुलपात ठेवायचं, हे त्यांचं काम.

आता कारखान्यात हे ठीक होतं. भाऊजी घरीही तसेच होते.

एकदा त्यांनी माझ्याकडून चाळण नेली. अर्ध्या तासानं येऊन मला पावती दिली, 'चाळण एक, चांगल्या स्थितीत.' मी म्हटलं, "भाऊजी, चाळणीला भोकं किती ते बी लिवायचं व्हतं." त्यांना चेष्टा समजायची नाही. ते विचारात पडले. दुसऱ्या वेळी माझं लिंबू नेलं ते परत करताना नव्या लिंबाला दोरा गुंडाळून आणला, माझ्या लिंबाचं माप म्हणून. आमच्या ह्यांनी त्या पावत्यांचा चांगला उपयोग केला. विडी पेटवायला.

बोलताना त्यांचं प्रत्येक वाक्य 'कायद्यानं बघितलं तर' पासून सुरू व्हायचं. कायद्यानं बघितलं तर हा नळ सगळ्यांचा आहे. कायद्यानं बघितलं तर तुमची कोंबडी माझ्या उंबऱ्यात आली नाही पाहिजे. पोरं त्यांना लांबून 'ओ कायदे' म्हणायची. ते थांबून उत्तर द्यायचे.

आमच्या चाळीत इन्कमटॅक्स भरणारा माणूस तेवढा एकच. बाकीच्यांचा पगार सरकारच्या नजरेत भरण्याएवढा नव्हता. भाऊजींना त्याचा भारी अभिमान. स्टेशनवरचा नळ गळत दिसला की गाडी चुकली तरी चालेल पण तो बंद करून यायचे. म्हणायचे, "सरकारी पाणी आहे. त्यात माझे पैसे आहेत." मुंबई रस्त्यावर खड्डा पडला तर त्यांचा चेहरा असा व्हायचा की कुणी त्यांच्याच अंगणात खणलंय.

त्यांची बायको सुभद्रा. चाकणच्या बागायतदाराची लेक, धडधाकट, हसरी, आवाज खणखणीत. दोन वर्षं ती त्या घरात राहिली आणि दोन वर्षं तिनं तेलासाठी चिठ्ठी लिहिली. खोटं नाही सांगत. 'गोडेतेल पाव शेर, फोडणीसाठी, सुभद्रा.' खाली सही. चिठ्ठी खिळ्याला टोचायची, मग भाऊजी डबा उघडणार. तुपाच्या डब्याला तर कुलूपच होतं आणि किल्ली भाऊजींच्या कडदोऱ्याला. सुरुवातीला तिला मजा वाटली. ती मला चिठ्ठ्या वाचून दाखवायची आणि आम्ही दोघी हसायचो. एकदा तिनं 'हसू अर्धा शेर' अशी चिठ्ठी लिहिली. भाऊजींनी ती परत केली, 'मालाचे नाव स्पष्ट लिहावे' म्हणून.

मग एक दिवस तिचा थोरला भाऊ न सांगता आला. पहिल्यांदाच आला होता बहिणीच्या घरी. भाऊजी कामावर, किल्ली त्यांच्याबरोबर. तिनं माझ्याकडे तूप मागितलं, पण माझ्याकडेही नव्हतं. भाऊ चटणी-भाकरी खाऊन उठला. काही बोलला नाही. तो बोलला नाही तेच तिला लागलं. संध्याकाळी भाऊजी आले, तेव्हा ही ट्रंक भरून दारात उभी. म्हणाली, "तुमच्या स्टोअरमधनं एक बायको वजा करा." आणि भावाबरोबर निघून गेली. दुपारी उशिरा धुतलेलं हिरवं लुगडं दोरीवर ओलंच होतं, ते राहिलं.

भाऊजी त्या रात्री जेवले नाहीत. पण बायकोला आणायलाही गेले नाहीत. मी म्हटलं, "जावा की. घरी चल म्हना." ते म्हणाले, "ती स्वतःहून गेली आहे, वहिनी. कायद्यानं बघितलं तर तिनं यायला पाहिजे." मी म्हटलं, "कायद्यानं बघितलं तर तुमी याडे हाय." त्यावर त्यांनी मान हलवली, म्हणजे हा मुद्दाही त्यांनी नोंदवून घेतला.

आता रिफंडाचं सांगते. सरकारनं तेव्हा नवा नियम काढला होता की लग्न झालेल्या माणसाकडून कर कमी घ्यायचा आणि एकट्याकडून जास्त. कारखान्याच्या कारकुनानं भाऊजींना एकटं धरलं होतं, कारण ते एकटेच डबा घेऊन येतात हे तो रोज बघत होता. भाऊजींनी पुण्याच्या ऑफिसात अर्ज केला की मला बायको आहे, माझा जास्तीचा कर परत करा. काही महिन्यांनी खरंच पैसे परत आले. चाळीत ही गोष्ट कुणाला पटेना. सरकारकडे गेलेला पैसा परत येतो हे कुणी ऐकलंच नव्हतं. पलीकडच्या खोलीतल्या म्हातारबाबांनी तर त्यातली एक नोट उन्हात धरून बघितली.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी सायकल काढली आणि मोशीवरून चाकणला गेले. तिथं काय झालं ते मला कोंडाबाईनं सांगितलं. कोंडाबाई चाकणची, सुभद्रेच्या माहेराला लागूनच तिचं घर, आणि ती दर आठवड्याला आमच्या चाळीत कांदे विकायला यायची. कांदे बरे असायचे, बातम्या त्याहून बऱ्या.

भाऊजी म्हणे अंगणात उभेच राहिले, बसले नाहीत. पाकीट ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "हे सरकारनं तुझ्याबद्दल दिलेत. तुझे आहेत."

सुभद्रा म्हणाली, "माझ्याबद्दल कशापायी? मी काय तुमच्याकडं नांदती?"

"कायद्यानं नांदतेस."

"मग कायद्यालाच सांगा भाकरी थापाया."

पाकीट परत आलं. पुढच्या वर्षीचा रिफंड भाऊजींनी मनीऑर्डरनं पाठवला, तीही परत. त्याच्या पुढची तशीच. पोस्टमन दारातूनच ओरडायचा, "डुंबरे, तुमचा रिफंड रिफंड झाला." चाळ हसायची. भाऊजी सही करून पैसे घ्यायचे आणि फळीवरच्या एका डब्यात टाकायचे. त्यातल्या पैशाला त्यांनी कधी हात लावला नाही. महिनाअखेरीला आमच्या ह्यांच्याकडून चार पैसे उसने घेतील, पावती देतील, पण तो डबा उघडायचे नाहीत.

कारकून त्यांना म्हणाला होता, "अहो, लग्न झालंय एवढं लिहून द्या, मी दर महिन्याला आधीच कमी कापतो. कशाला हेलपाटे घालता?" भाऊजी म्हणाले, "नको. कापा तुम्ही. मी मागून घेतो." मी विचारलं हे असं का. तर म्हणाले, "पगारात मिसळले की ते माझे होतात, वहिनी. वेगळे आले तर तिचे राहतात."

मला तेव्हा वाटलं, ह्या माणसाला 'चल घरी' हे दोन शब्द बोलता येत नाहीत, म्हणून हा पुण्याच्या ऑफिसाला हाताशी धरून बायकोला निरोप पाठवतोय. पण ते त्याला सांगून उपयोग नव्हता.

तर ते लुगडं. मी एकदा सरळच विचारलं. "भाऊजी, हे काय चाललंय? बाया काय काय बोलत्यात."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली घेतला. "वहिनी, मी अर्जात बायको दाखवली आहे. उद्या इन्कमटॅक्सचा माणूस चौकशीला आला तर? घरात बायकोचं काही दिसायला नको?"

मला ते पटलं. मलाच काय, सगळ्या चाळीला पटलं. तेव्हा सरकारचा माणूस कशाचीही चौकशी करायला येईल असंच आम्हाला वाटायचं. त्या दिवसापासून भाऊजींचं लुगडं सगळ्यांचंच झालं. पाऊस आला तर जी दिसेल ती बाई पळत जाऊन ते काढायची. भाऊजींचा रिफंड बुडू नये म्हणून.

आणि मग खरंच माणूस आला.

वार मंगळवार. भाऊजी कामावर. आमचे हे दुसऱ्या पाळीला जायचे म्हणून आत आडवे झालेले. कोंडाबाई माझ्या पायरीवर बसून कांदे मोजत होती. तेवढ्यात खांद्याला पिशवी, हातात वही, कानामागं पेन्सिल असा एक माणूस चाळीत शिरला आणि थेट भाऊजींच्या दारासमोर उभा राहिला.

"हे घर कुणाचं?"

"डुंबऱ्यांचं," मी म्हटलं.

"घरात माणसं किती?"

मला वाटलं, आला इन्कमटॅक्सवाला. मंगळवार असल्यामुळं दोरीवर लुगडं नव्हतं. भाऊजींच्या बायकोचा एवढा एकच पुरावा, तो आत घडी घातलेला. मी डोक्यावर पदर घेतला, उठले आणि त्यांच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिले.

"दोन," मी म्हटलं. "हे आन मी."

कोंडाबाईच्या हातातला कांदा खाली पडला. मी तिच्याकडं डोळे वटारून बघितलं, पण डोळे वटारून एवढं सगळं सांगता येत नाही.

माणसानं वहीत लिहिलं, खडू काढला आणि भाऊजींच्या दारावर एक आकडा घराचा आणि त्याच्या खाली दोनाचा आकडा काढला. मग तो पुढच्या दाराशी गेला. ते माझं दार.

"आणि हे?"

"ह्ये बी माझंच."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. तेवढ्यात आतून आमचे हे डोळे चोळत आले आणि म्हणाले, "कोन पायजे? ही माझी बायको."

"इथंही?" माणूस म्हणाला.

"हितं म्हंजे? हितंच."

माणसानं पेन्सिल पुन्हा कानामागं खोचली. मग म्हणाला, "मला काय करायचंय. मला भिंती मोजायच्यात. उद्या हिवतापाचं औषध फवारायला येतील. भांडी झाकून ठेवा." आमच्याही दारावर त्यानं दोन काढला आणि निघून गेला.

आमचे हे हसत खालीच बसले. मला मात्र हसू येईना, कारण कोंडाबाई पाटी उचलून कधीच निघून गेली होती. तिला काही समजावून सांगायला मिळालं नाही.

संध्याकाळी भाऊजी आले. मी झालं ते सांगितलं. ते दारावरचा आकडा बघून पांढरे पडले.

"तुम्ही खोटी बायको दाखवलीत? कायद्यानं गुन्हा आहे, वहिनी."

"मग टाका पुसून तो आकडा. फडकं देऊ?"

मी ओलं फडकं आणून दिलं. ते घेऊन ते दारासमोर उभे राहिले. मी चुलीवरची आमटी उतरवून आले, तरी ते तसेच उभे. आकडा पुसलेला नाही, फडकं हातात. स्टोअरमध्ये एक खिळा जास्त निघाला तर शिफ्ट संपल्यावर थांबून तो कुणाचा हे शोधणारा माणूस. दुसऱ्या दिवशी फवारणीवाले येऊन गेले, घर औषधानं पांढरं झालं, भाऊजींनी भिंती, फळ्या, भांडी सगळं पुसलं. दार पुसलं नाही. घरात एक माणूस आणि दारावर दोन, असं त्या घराचं चाललं.

तिकडं कोंडाबाईनं तिचं काम केलं होतं. पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं सुभद्रा उतरली. ट्रंक नाही, पिशवी नाही, नुसती ती. आम्ही सगळ्या नळावर होतो. भाऊजी लुगडं नुकतंच दोरीवर टाकून काठ सरळ करत होते. ती आली ती सरळ दाराशी गेली आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"ह्यो दोन कशाचा?"

"माणसांचा," भाऊजी म्हणाले.

"दुसरं कोन हाय?"

"दुसरी तू."

"मी चाकणला हाय."

"कायद्यानं इथं आहेस."

"आन डोईवर पदर घेऊन उंबऱ्यात हुभी व्हती ती कोन? कोंडाबाईनं डोळ्यांनी बघितली. हे आन मी म्हनाली."

आता मला पुढं व्हावंच लागलं. "ती मी व्हते, सुभद्रे," मी म्हटलं. "कोंडाबाईनं तुला नाव न्हाई सांगितलं व्हय? ती मला नेहमी आमच्या दारात बघती, तुमच्या दारात बघितली म्हनून भलतंच वाटलं तिला. सरकारी मानूस आला, मला वाटलं कराचा हाय. तुझ्या नावाचं पैसं मिळत्यात भाऊजींस्नी, ते जाऊ नयेत म्हनून हुभी ऱ्हायले. आमचं हे हितंच निजले व्हते, इचार त्यास्नी."

"म्या काय बघितलं न्हाई," आमचे हे दारातून म्हणाले. "मला म्हनं दोन घरं हायेत एवढंच कळलं."

नळावरच्या बाया हसल्या. सुभद्रेच्याही तोंडावर हसू येत होतं, ते तिनं दाबलं. तिची नजर दोरीकडं गेली आणि तिथंच राहिली. लुगड्याचा हिरवा रंग धुऊन धुऊन उडाला होता. एका टोकाला दोरीच्या गाठीत अडकून फाटलं होतं, तिथं बारीक टाके घातलेले होते. बाईच्या हातचे टाके नव्हते ते. पोतं शिवतात तसे सरळ, एकसारख्या अंतराचे.

"ह्ये कशाला धुता?"

"चौकशीचा मानूस येईल म्हनून," मीच सांगितलं. "बायको हाय ह्ये दिसाया नको?"

"आला का कधी?" तिनं त्यांना विचारलं.

भाऊजी काठ सरळ करत होते. काठ केव्हाच सरळ झाला होता.

"आला का, इचारते."

"नाही," भाऊजी म्हणाले. "येणारही नाही. पहिल्याच वर्षी मी पुण्याच्या ऑफिसात विचारलं होतं. ते हसले. म्हणाले, तुमची बायको बघायला कोण येतंय."

पावसात पळत जाऊन ते लुगडं काढणाऱ्या आम्ही सगळ्या तिथं उभ्या होतो.

"मग?" सुभद्रा म्हणाली.

"कायद्यानं बघितलं तर..." भाऊजींनी सुरुवात केली आणि थांबले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. ह्या शब्दांच्या पुढं त्यांना काही सुचलं नाही असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. मग ते म्हणाले, "दोरी रिकामी दिसायची."

सुभद्रा दोरीपाशी गेली. लुगडं ओलंच होतं, तिनं ते हातानं चाचपून बघितलं, टाक्यांवरून बोट फिरवलं. "जाताना बी ओलंच व्हतं," ती म्हणाली. "वाळू द्या आता नीट." आणि घरात गेली.

भाऊजी बाहेरच उभे. आपल्याच घरात जायचं की नाही हे त्यांना कळेना. आम्ही बाया उगीच बादल्या भरत राहिलो. भरलेल्या बादल्यांत पाणी ओतत होतो.

आतून भांड्यांचा आवाज आला. मग तिचा खणखणीत आवाज.

"तुपाचा डबा कुठं हाय?"

भाऊजींचं तोंड उघडलं. "चि..." एवढं मी माझ्या कानांनी ऐकलं. पुढची ठ्ठी त्यांनी गिळली.

"फळीवर," ते म्हणाले. "डाव्या हाताला. कुलूप नाही."

"कवा काढलं?"

"तू गेलीस तेव्हा."

आत डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग भाऊजी दाराजवळ गेले, उंबऱ्याच्या अलीकडेच थांबले आणि हळू आवाजात आत म्हणाले, "आणि उजव्या हाताचा डबा तुझा आहे. तो मला कायद्यानं उघडता येत नाही."